टोनचा नॉब आणि ४७४ ची गोष्ट

माझी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे स्ट्रॅटची, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरची, स्वस्तातली नक्कल. पिकअप म्हणजे तारांची थरथर टिपणारं चुंबकी यंत्र; त्यातल्या ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या बाजूच्या, पिकअपवर गेलं की कानात सुई टोचल्यासारखा आवाज, आणि टोनचा नॉब कितीही फिरवा, फरक शून्य. आधी वाटलं, बिघडलाय. मग कळलं की बनावटच तशी आहे: १९५४ साली आलेल्या मूळ स्ट्रॅटोकास्टरमध्ये टोनचे नॉब दोन, एक नेक (मानेजवळच्या) पिकअपचा, एक मधल्याचा. ब्रिजच्या वाट्याला काहीच नाही. नकलांनी हेही इमानेइतबारे उचललं. माझा मधला पॉट (नॉबखालचा, फिरवून रोध बदलणारा भाग) तसाही खरखरत होता, तेव्हा म्हटलं पॉट बदलणं आणि ब्रिजला टोन देणं, दोन्ही कामं एकदमच उरकू.

सर्किट म्हणावं असं त्यात फार काही नाहीच. एक पॉट, एक कपॅसिटर. कपॅसिटर ट्रेबल, म्हणजे आवाजातली तीक्ष्ण पट्टी, अर्थिंगला सोडून देतो आणि किती सोडायचा ते पॉट ठरवतो. एका गुंडाळीच्या, म्हणजे सिंगल कॉइल, पिकअपला साधारणपणे २५० के (किलोओहम) चा पॉट, दोन गुंडाळ्यांच्या हंबकरला ५०० के.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानातल्या काकांनी बी२५०के पुढे केला. "सगळे हाच नेतात." बी म्हणजे लिनिअर, एकसारख्या गतीने बदलणारा. तो टोनला लावला तर नॉब दहापासून तीनपर्यंत आणला तरी कानाला फारसं कळत नाही, आणि मग शेवटच्या चिमूटभर जागेत सगळा ट्रेबल धाडकन खाली. मला लॉग, म्हणजे कानाला हळूहळू बदल जाणवेल असा ए२५०के हवा होता. काकांनी कुरकुरत खालचे तीन डबे उपसले आणि दिला. एवढी हुशारी दाखवल्यावर कपॅसिटरची पुडी मात्र न बघताच खिशात टाकली.

घरी तारा काढल्या, पिकगार्डचे (गिटारच्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) अकरा स्क्रू काढले, आतल्या वायरिंगचे फोटो काढून ठेवले. पॉट मागून, पाय खाली करून धरला, तर मधल्या पायाला पिकअप निवडायच्या स्विचकडून येणारी वायर आणि उजव्या पायाला कपॅसिटर. त्याचं दुसरं टोक पॉटच्या पाठीवर. उजव्याऐवजी डावा पाय घेतला की नॉब उलटा चालतो.

खरा घाम पाठीवरच्या सोल्डरने काढला. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं, आणि पॉटची पाठ म्हणजे तव्यासारखी, दिलेली उष्णता सगळी पिऊन टाकणारी. सोल्डरचा थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन बसायचा, आणि वायर जरा हलवली की टक् करून सुटायचा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेला जोड. तीनदा झालं. शेवटी शेजारच्या दादांकडून ६० वॅटचं आयर्न आणलं, पाठ पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, सोल्डर चिकटायला जराशी पेस्ट लावली. या वेळी सोल्डर पाण्यासारखं पसरलं. दोन सेकंदांत काम. जास्त वेळ टेकवलं असतं तर आतला कार्बनचा ट्रॅक भाजला असता, ही धास्ती होतीच.

ब्रिजचं काम त्यामानाने किरकोळ. पाच टप्प्यांच्या स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनची वायर येते, तिथून शेजारच्या रिकाम्या पायाला वायरचा एक तुकडा जोडला, झालं.

तारा चढवण्याआधी ॲम्प लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हर ठोकून पाहिला. नॉब दहावर असताना टक् टक्, शून्याकडे नेताना ठप् ठप्, आणि मग जवळजवळ काहीच नाही. ॲम्पवर गोधडी टाकल्यासारखं. पुन्हा सगळे जोड तपासले, मल्टिमीटर लावला, पॉट २३८ के दाखवतोय, सगळं ठीक. तासाभराने कपॅसिटरकडे नीट पाहिलं. हिरव्या अंगावर बारीक अक्षरांत २ए४७४जे. मला हवा होता ४७३, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, हा ४७४, म्हणजे ०.४७, दहापट. थोडा जाडजूड वाटला तेव्हा उलट मनात म्हटलं होतं, वा, दणकट दिसतोय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्ली. "कालच सांगायचं ना ४७३," काका म्हणाले. सांगितलं होतं की नाही, मला आठवेना, म्हणून गप्प बसून पाच रुपये दिले.

आता ब्रिजवर नॉब सहाच्या आसपास ठेवतो. सुई गेली, धार राहिली. फक्त नवा नॉब पिकगार्डवर जरा तिरका बसलाय, आणि तेवढ्यासाठी ते अकरा स्क्रू मी पुन्हा काढणार नाही.