साइड द्या, डॉक्टर

कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळच्या लागुना सेका ट्रॅकवर मी नवशिक्यांचा वर्ग घेतो. इथले कार क्लब हौशी लोकांना स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर उतरू देतात. शर्यत नसते, वेळ मोजत नाहीत. गाडीत शेजारी प्रशिक्षक बसतो आणि दोन सेशनच्या मधल्या वेळेत सगळ्यांनी माझ्यासमोर यायचं. लोक येतात वेगासाठी, आणि मी बोलतो नजर, ब्रेक आणि झेंड्यांबद्दल.

त्या शनिवारी धुकं उठेना. झेंडेवाल्यांना पुढची चौकी दिसत नाही तोवर गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे वर्ग चांगलाच लांबला. पहिल्या रांगेत साठीचे एक डेंटिस्ट. बाहेर त्यांची नवीकोरी पोर्शे ९११. झेंड्यांची उत्तरं तोंडपाठ: पिवळा म्हणजे धोका, ओव्हरटेक नाही, काळा म्हणजे ट्रॅक सोडून पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागी, या, निळ्यावर पिवळा पट्टा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, साइड द्या. आपल्याकडे घाटात ट्रकवाला खिडकीतून हात काढून साइड देतो ना, तोच प्रकार. फक्त इथे पुढच्याचा हात आल्याशिवाय नवशिक्याने पुढे जायचंच नाही, आणि तेही ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर.

पहिल्याच सेशनला पोर्शेमागे गाड्यांची रांग लागली. सर्वांत पुढे एक जुनी माझदा मियाटा, म्हणजे छोटी, कमी ताकदीची गाडी, चालवणारी विशीतली मुलगी. सरळ पट्ट्यावर पोर्शे सुसाट निघून जायची आणि दुसऱ्या वळणात मियाटा पुन्हा तिच्या बंपरला. निळा झेंडा चौकीमागून चौकी फडकला. हात काही बाहेर येईना. शेवटी काळा दाखवून बोलावून घेतलं. शेजारचा प्रशिक्षक उतरला तो कपाळाला हात लावूनच.

वर्गात डॉक्टर म्हणाले, "अहो, ती माझ्यापेक्षा हळू आहे. सरळ रस्त्यावर मागे पडते."

"सरळ रस्त्यावर तुमचे पैसे पळतात, डॉक्टर," मी म्हणालो. सगळे हसले, तेही हसले.

मग फळ्यावर अकरावं वळण काढलं. ते डावीकडे वळणारं, अगदी हळू, आणि त्यानंतर लगेच मुख्य सरळ पट्टा. डॉक्टर फार लवकर आत वळत होते. मग बाहेर पडताना रस्ता अपुरा पडे, स्टिअरिंग सोडता येत नसे आणि ॲक्सिलरेटरची वाट बघत बसावं लागे. मुलगी उशिरा वळायची आणि वळणातूनच वेग घेऊन निघायची.

पण ते असं का करत होते? मी विचारलं, "कॉर्कस्क्रूच्या माथ्यावर काय दिसतं तुम्हाला?"

"डांबर."

"झाडं," मागून ती मुलगी म्हणाली.

कॉर्कस्क्रू म्हणजे वळणांची जोडी; त्या जागी ट्रॅक डावीकडे, लगेच उजवीकडे वळत सुमारे १८ मीटर खाली कोसळतो. माथ्यावरून पुढचा रस्ता दिसतच नाही, म्हणून क्षितिजावरची झाडं धरून गाडी न्यायची असते. डॉक्टरांची नजर बॉनेटपुढच्या दहा पावलांत अडकलेली. तिथे सगळं अंगावर धावून येतं, मग आरशात बघायला सवड कुठली? साइड न देणाऱ्याला लोक गर्विष्ठ म्हणतात. माझ्या वर्गात तरी तो बहुतेक वेळा घाबरलेला निघतो, आणि घाबरलेल्या माणसाला रागावून काही होत नाही.

पुढच्या सेशनसाठी त्यांना एवढंच सांगितलं: वेग विसरा, माथ्यावर "झाड" म्हणायचं, सरळ पट्ट्यावर "आरसा", मोठ्याने. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गाडी खरोखरच सुधारली. मियाटाला पहिल्याच फेरीत साइड मिळाली, तिच्यामागच्यांनाही. थोड्या वेळाने ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलचा रेडिओ खरखरला: "तुमची पोर्शे पाचव्या वळणाच्या मधोमध हात दाखवतेय. मागे कुणीही नाही."

परत बोलावलं. डॉक्टर हेल्मेट काखेत घेऊन आले, घामाघूम, खूश. "पण आरसा बघितला की नाही?"

मी लाल मार्कर घेऊन साइड द्यायचे पट्टे पुन्हा रंगवायला लागलो.