मुखत्याराची सही

बुधवार, रात्री

मुलगा अमेरिकेत, फ्लॅट पुण्यात आणि कर्जाच्या कागदांवर सह्या करायला वडील. गृहकर्जाच्या कामात हा नेहमीचा मामला, आणि तो अडतो तोही ठरलेल्या जागी. मुलाने वडिलांना दिलेल्या मुखत्यारपत्रात (पॉवर ऑफ अटर्नीत) 'फ्लॅट खरेदी करणे, करारनामा नोंदवणे, ताबा घेणे' एवढंच असतं. कर्जाचा उल्लेखच नाही. कोर्ट मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतं. जे लिहिलेलं नाही तो अधिकार दिलेला नाही. म्हणून बँकेचं नाव, कर्जाची कमाल रक्कम, कर्जकरारावर सही, मूळ दस्त जमा करून गहाण, प्रॉमिसरी नोट (पैसे फेडण्याचं लेखी वचन), रक्कम उचलणं हे सगळं वेगवेगळं लिहायला हवं. फ्लॅटचा नंबर, विंग, सर्व्हे नंबरही करारनाम्याबरहुकूम. बहुतेक बँकांचा स्वतःचा मसुदा असतो. तो आधी मागवावा आणि मगच तिकडे नोटरीकडे जावं. लोक नेमकं उलट करतात, मग सगळं परत करून घ्यावं लागतं.

अमेरिकेत नोटरी आणि त्या राज्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी दाखला, चालतो. यूएई अपोस्टिल करारात नाही, म्हणून दुबईकरांनी सरळ भारतीय वकिलातीत जावं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. कुरिअरचं पाकीट फेकू नये, तारखेचा पुरावा तोच. मुलगा सुट्टीवर इकडे आला असेल तर मात्र तेव्हाच दुय्यम निबंधकांसमोर मुखत्यारपत्र करून घेणं सगळ्यांत सोपं. हे सुचतं मात्र विमान गेल्यावर!

आता खुद्द सही. वडिलांनी मुलाची सही गिरवायची नाही. स्वतःची करायची आणि खाली 'अमुक यांच्यातर्फे मुखत्यार म्हणून' असं लिहायचं, प्रत्येक पानावर. पानं भरपूर असतात, त्यामुळे त्या ओळीचा रबरी शिक्का करून घेतलेला बरा. वडील सहकर्जदारही असतील तर दोन सह्या: एक स्वतःची, एक मुलातर्फे. एकाच सहीत दोन्ही नाती उरकली की बँकेच्या तपासणीत फाईल परत येते.

सगळ्यांत जपायचा कागद म्हणजे एका पानाची डिमांड प्रॉमिसरी नोट, म्हणजे बँकेने मागताच पैसे फेडण्याचं वचन. एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्याच्यावरून आडवी सही. जागा इतकी चिंचोळी की 'मुखत्यार म्हणून' हे शब्द हमखास राहतात. पण पराक्रम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 28 प्रमाणे एजंटाने आपण एजंट म्हणून सही करतोय हे नोटवर दाखवलं नाही, तर नोटेची जबाबदारी त्याच्या स्वतःवर येऊ शकते. तिकिटावर सही अर्धी बसली तरी चालेल, शब्द मात्र शेजारच्या मोकळ्या जागेत पुरे लिहावेत. कोऱ्या रकान्यांवर सही नको. रक्कम, व्याजदर, मुदत भरलेली असली पाहिजे, आणि खाडाखोड असेल तिथे पुन्हा सही.

मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की सर्वसाधारणपणे अधिकार संपतो (करार अधिनियम, 1872, कलम 201). त्यामुळे सह्यांच्या दिवशी बँका मुलाचा ईमेल किंवा व्हिडिओ कॉल मागतात, आणि नोंदणीच्या दस्ताला तो हयात असल्याचं आणि मुखत्यारपत्र रद्द न केल्याचं घोषणापत्र जोडावं लागतं. लोकांना हा अपमान वाटतो. तो नाही.

हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी, विसरलं जातं. हप्ता मुलाच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयातलं खातं) जाणार असेल तर ते खातं असलेल्या बँकेतही मुखत्यारपत्राची नोंद हवी, नाहीतर 'सही जुळत नाही' म्हणून मँडेट परत. म्हणून मुखत्यारपत्राच्या मूळ प्रती दोन तरी कराव्यात. एक कर्ज देणारी बँक ठेवून घेते आणि दुसरी या कामाला लागते.