दलदल दोनदा पाहायची

शनिवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. ब्लॅकवॉटर वन्यजीव अभयारण्य, डॉर्चेस्टर काउंटी, मेरीलँड.

पहाटे ५ ला वॉशिंग्टनच्या उपनगरातून निघालं तर उजाडताना पोचता येतं. अंतर साधारण ९० मैल, पावणेदोन तास. ५० नंबरच्या हायवेनं चेसापीक बे ब्रिज ओलांडायचा. पूल ४ मैलांहून लांब आहे. टोल पूर्वेकडे जातानाच लागतो आणि रोख घेत नाहीत. हिवाळ्यात पहाटे पूल रिकामा असतो, पण उन्हाळ्यातल्या शनिवारी सगळी समुद्रकिनाऱ्याची गर्दी याच रस्त्यावर असते. उन्हाळ्यात तसंही येऊ नये. जून ते सप्टेंबर इथं डास आणि चावऱ्या माश्या असतात, गाडीची काच खाली करणं मुश्कील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

केंब्रिज गावात पेट्रोल आणि बाथरूम उरकून घ्यावं. पुढे काही मिळत नाही, मोबाईलची रेंजही मधूनमधून जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. जेवणाचा डबा घरूनच. १६ नंबरच्या रस्त्यानं चर्च क्रीक, तिथून ३३५ नं दक्षिणेला आणि मग डावीकडे ‘की वॉलेस ड्राइव्ह’ हा रस्ता.

सकाळी ७. अभयारण्यातला वाइल्डलाइफ ड्राइव्ह उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत खुला असतो. गाडीमागे ३ डॉलर, पाकिटात टाकून पेटीत सोडायचे. सुटे जवळ ठेवा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तो चालतो. रस्ता जेमतेम ४ मैलांचा, बराचसा एकेरी. इथं हमखास होणारी चूक म्हणजे सुरुवातीच्या फाट्यावर सरळ उजवीकडे वळणं. एकेरी रस्त्यावर मागे फिरता येत नाही, आणि डावीकडची मार्श एज पायवाट व निरीक्षणाची जागा राहून जाते. आधी डावीकडे जाऊन यायचं.

दुसरी चूक गाडीतून उतरण्याची. पक्षी गाडीला बिचकत नाहीत, माणसाच्या उभ्या आकृतीला बिचकतात. इंजिन बंद करायचं, काच खाली, दुर्बीण दारावर टेकवायची. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. १० च्या वरची हातात थरथरते आणि या वाऱ्यात तर निरुपयोगीच. टेलिस्कोप असेल तर काचेवर बसवायचा क्लॅम्प आणावा.

या महिन्यात काय दिसतं? टुंड्रा स्वान, म्हणजे उत्तर ध्रुवाकडून आलेले पांढरे हंस. स्नो गीजचे, म्हणजे पांढऱ्या कलहंसांचे हजारोंचे थवे, आणि ते एकदम उठले की बाजार भरल्यासारखा गलका. कॅनडा गीज, पिनटेल बदकं, ग्रेट ब्ल्यू हेरॉन, जो आपल्या राखी बगळ्याचा थोरला भाऊ शोभेल. आणि बाल्ड ईगल, पांढऱ्या डोक्याचा गरुड. फ्लॉरिडाच्या उत्तरेला अटलांटिक किनाऱ्यावर इतके बाल्ड ईगल क्वचितच कुठे सापडतील. फेब्रुवारीत ते घरट्यावर असतात. पांढरं डोकं शोधत बसू नका. त्याला पाच वर्षं लागतात, तोवरचे सगळे मळकट तपकिरी असतात आणि नवखे लोक त्यांना गिधाड समजून पुढे जातात. ओळखायची खूण अशी की गिधाड पंख व्ही आकारात धरून डुलत तरंगतं, ईगल फळीसारखे सपाट धरतो. ऑस्प्रे, म्हणजे मासे धरणारे शिकारी पक्षी, मात्र मार्चच्या मध्याशिवाय येत नाहीत.

रस्त्याच्या कडेच्या पाइनच्या झाडीत मोठी, चंदेरी, जड अंगाची खार दिसली तर थांबा. ती डेलमार्व्हा फॉक्स स्क्विरल. १९६७ मध्ये धोक्यातल्या जातींच्या यादीत गेली, २०१५ मध्ये बाहेर आली.

आता पाण्यात काड्यांचे ढिगारे दिसतील, गुडघ्याच्या वर उंचीचे, गवताच्या उडव्यांसारखे. पहिल्या फेरीत लोक ते पाहतही नाहीत. ती मस्करॅटची घरं. मस्करॅट म्हणजे घुशीहून मोठा पाणउंदीर. तो थ्री-स्क्वेअर नावाच्या लव्हाळ्याचे तीनधारी दांडे कुरतडून चिखलावर रचतो. दार पाण्याखाली, खोली पाण्यावर. घरापासून निघणाऱ्या चाकोऱ्या चिखलात स्पष्ट उमटलेल्या असतात. सापळा लावायचा तो याच चाकोरीत. कातडं दाट होतं ते ऐन थंडीत, म्हणून सापळ्यांचा हंगामही हाच. आणि सापळा लावला की रोज तपासायला पाण्यात उतरावं लागतं.

एवढं पाहून ठेवा. ड्राइव्हच्या शेवटी ३३५ चा रस्ता लागतो आणि तिथून काही मिनिटांत हॅरिएट टबमन अंडरग्राउंड रेलरोड व्हिजिटर सेंटर. अंडरग्राउंड रेलरोड म्हणजे पळालेल्या गुलामांना उत्तरेकडे सुटकेला पोचवणारी गुप्त साखळी, आणि हॅरिएट त्यातली नावाजलेली वाटाडी, स्वतःही गुलामीतून पळालेली.

सकाळी १०. सेंटर मार्च २०१७ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट. सोमवार टाळा आणि वेळ आदल्या दिवशी पाहून घ्या. दीड तास तरी लागतो.

हॅरिएटचं जन्मनाव अरामिंटा रॉस, घरात मिंटी. जन्म १८२२ च्या सुमाराचा, इथून जवळच पीटर्स नेकला. वयाच्या सहा-सात वर्षांपासून मालक एडवर्ड ब्रोडेस तिला दुसऱ्यांकडे भाड्यानं द्यायला लागला. त्यातला एक जेम्स कुक. त्याचं घर लिटल ब्लॅकवॉटर नदीजवळ, म्हणजे सकाळी जिथं दुर्बीण लावली त्याच पट्ट्यात. मिंटीचं काम मस्करॅटचे सापळे तपासण्याचं. अंगात गोवर असतानाही तिला पाण्यात पाठवलं आणि ती इतकी आजारी पडली की आईकडे परत धाडावी लागली.

सकाळची चाकोरी डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीचं पाणी, पायाखाली गाळ. गाडीत हीटर लावून आपण ज्या ढिगाऱ्यांपुढून गेलो, तिथं सहा वर्षांच्या मुलीची हजेरी लागायची. म्हणून आधी दलदल आणि मग सेंटर असा क्रम ठेवावा. उलटा ठेवला तर पक्षी बघताना मन लागत नाही आणि ढिगारे नुसतं उदाहरण होऊन बसतात.

सेंटरमध्ये दोन गोष्टी नीट वाचा, कारण त्यांवरून भलतंच पसरलेलं आहे. हॅरिएटनं १९ फेऱ्यांत ३०० माणसं सोडवली, हे एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रातून आलेलं. आजचे अभ्यासक कागदपत्रांवरून सुमारे १३ फेऱ्या आणि ७० माणसं धरतात, शिवाय तिनं वाट समजावून दिलेली आणखी कित्येक. तिला पकडून देण्यासाठी लावलेल्या म्हणे ४०,००० डॉलरच्या बक्षिसाचीही तीच गत. खरी जाहिरात १८४९ ची, मालकाच्या विधवेनं दिलेली. मिंटी आणि तिचे दोन भाऊ पळाले म्हणून राज्याबाहेर पकडल्यास माणशी १०० डॉलर, राज्यात पकडल्यास ५०. भाऊ भ्याले आणि तिघंही परतले. मग ती एकटी निघाली. आकडे लहान झाले म्हणून बाई लहान होत नाही. १३ वेळा परत येणं म्हणजे काय, ते या चिखलात उभं राहिल्यावर कळतं.

आणखी एक. या दलदलीतून पळत ती उत्तरेला गेली असं चित्र पर्यटक मनात घेऊन येतात. पण १८४९ मध्ये ती बहुधा उत्तरेला कॅरोलाइन काउंटीत पॉप्लर नेकला कामाला होती आणि निघाली तिथूनच. या दलदलीनं तिला घडवलं. भरती-ओहोटी, झाडी, ताऱ्यांवरून दिशा, अंधारात पाऊल कुठे टाकायचं, हे सगळं शिक्षण इथलं. नंतर ती लोकांना न्यायला यायची ती बहुतेक हिवाळ्यात, लांब रात्री धरून. निघायचं शनिवारी, कारण रविवारी कामाची हजेरी नसे आणि पळाल्याची जाहिरात सोमवारच्या आत छापता येत नसे. इथले रेंजर सांगतात की बार्ड आउल या घुबडाचा आवाज ती खुणेसाठी काढायची. पाणथळ जंगलात त्याच आवाजाकडे कोणी वळून बघणार नाही. आजही संध्याकाळी झाडीतून तो ऐकू येतो.

मराठी माणसानं इथं एक तारीख आठवावी. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ काढली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करून. तेव्हा ही बाई न्यूयॉर्क राज्यात ऑबर्नला राहत होती, पन्नाशीची. तिथंच १९१३ मध्ये वारली.

दुपारी १२:३०. डबा गाडीत. मग बकटाउनचा चौक, पूर्वेला काही मैल. चौकातलं लाकडी दुकान आतून बघायचं तर आधी विचारून ठेवावं, एरवी बाहेरूनच. १८३० च्या दशकात, मिंटी तेरा-एक वर्षांची असताना, ती स्वयंपाकिणीबरोबर इथल्या दुकानात आली. काम सोडून निघालेल्या एका गुलामाच्या मागे मुकादम आला, त्याला धरायला मदत कर म्हणाला, तिनं नकार दिला. मुकादमानं तराजूचं दोन पौंडांचं वजन फेकलं, ते तिच्या डोक्यात बसलं. दोन पौंड म्हणजे किलोला थोडं कमी. किराणा दुकानातलं किलोचं लोखंडी माप ज्यांनी उचललं आहे त्यांना जास्त सांगायला नको. जन्मभर तिला मधेच भोवळ येऊन झोपेत गेल्यासारखं व्हायचं ते यामुळे. ब्रोडेसची शेतीही जवळच आहे, पण जमीन खासगी. रस्त्यावरच्या पाटीपाशी थांबायचं, बांध ओलांडायचा नाही.

दुपारी २. आता उलट, चर्च क्रीकच्या पश्चिमेला १६ नंबरनं पार्सन्स क्रीकच्या पुलापर्यंत. पुलावरून सरळसोट पाणी दिसतं. नदी इतकी सरळ नसते. हा स्टुअर्ट्स कॅनॉल, ७ मैल, १८१० ते १८३२ या काळात गुलामांनी आणि मुक्त काळ्या मजुरांनी खणलेला. कंबरभर चिखलात, डासांत, हातानं. कापलेलं लाकूड जहाजांपर्यंत तरंगवत न्यायचं म्हणून. हॅरिएटचा बाप बेन रॉस लाकूडतोड्यांचा मुकादम होता आणि मोठेपणी तीही त्याच्याबरोबर ओंडके ओढायची. लाकूड नेणाऱ्या काळ्या खलाशांकडून उत्तरेच्या बातम्या इथंच कळायच्या.

हाच कालवा आज दलदलीच्या मुळावर आहे. त्यातून खारं पाणी ब्लॅकवॉटरच्या वरच्या, गोड्या भागात शिरतं. भर म्हणून समुद्र चढतोय आणि इथली जमीन खचतेय. १९३० च्या दशकापासून ५,००० एकरांहून जास्त दलदल उघडं पाणी होऊन गेली. नुट्रियानं हातभार लावला. हा दक्षिण अमेरिकेतला मोठा उंदीर १९४० च्या दशकात कातड्यासाठी आणलेला. नुट्रिया मुळं उपटतो, मग गाळ धरायला काही राहत नाही. २००२ पासून २० वर्षं खपून तो इथून समूळ काढला, २०२२ मध्ये तसं जाहीर झालं. मीठ मात्र सापळ्यात सापडत नाही. पाइनच्या रांगा उभ्याच्या उभ्या मरतात, साल गळून करड्या होतात. फोटो फार छान येतात त्यांचे, आणि ईगल त्यांवरच बसतात.

बेन रॉसचं घरही याच पाण्याच्या तोंडाशी सापडलं. बुडालेल्या दलदलीला बदली म्हणून २०२० मध्ये अभयारण्यानं पीटर्स नेकला २,६०० एकर घेतले. मृत्युपत्रात बेनच्या मालकानं (हा ब्रोडेस नव्हे) त्याला १० एकर ठेवले होते ते त्यातच. पुरातत्त्वज्ञांना आधी १८०८ सालचं एक नाणं मिळालं, मग विटा, खिळे, फुटक्या बशा. एप्रिल २०२१ मध्ये जागा जाहीर झाली. तिथं जायचा बेत आखू नका. घाई केली नसती तर सगळं खाऱ्या पाण्याखाली गेलं असतं.

दुपारी ४. वाइल्डलाइफ ड्राइव्हची दुसरी फेरी. सकाळी पावती ठेवली असेल तर पुन्हा पैसे नाहीत. या वेळी हंस पोहत असतात तिथं आधी बघायचं नाही. काठालगतच्या चाकोऱ्या शोधायच्या आणि त्या कुठून निघून कुठे जातात ते पाहायचं. सूर्य मावळताना गीज रात्रीच्या पाण्यावर उतरतात, तोवर थांबावं.

शॉर्टर्स व्हार्फ रोडचा मोह अनेकांना होतो. दलदलीचा मोकळा देखावा तिथला सर्वांत चांगला. पण भरतीला रस्त्यावर पाणी येतं, ऊन असलं तरी येतं, आणि दक्षिणेचा वारा असला तर भरतीच्या तक्त्यातल्यापेक्षा जास्त. भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन तास सोडून जायचं. डांबर दिसत नसेल तिथून मागे फिरायचं, कडेचा खड्डा पाण्याखाली कळत नाही. पाण्यातून गेलीच गाडी, तर घरी पोचल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुवा. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही.