सोलापुरात ब्लूबेरी येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून: येते, पण कुंडीत. आणि सोलापुरात ती उन्हाइतकीच बोअरच्या पाण्यानेही मरते.

आधी मातीचं बघू. ब्लूबेरीला सामू (pH, म्हणजे आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितकी माती आंबट) 4.5 ते 5.5 लागतो; आपल्या काळ्या रानाचा बहुधा 7.5 ते 8.5 असतो. सुक्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फेस आला, तर मातीत चुनखडी आहे. डाळिंब ती सोसतं, ब्लूबेरी नाही. गंधक टाकून अशी माती आंबट करायच्या फंदात पडू नका. तयार होणारं आम्ल चुनखडीच फस्त करते.

कुंडी 40 लिटरची, खाली भरपूर भोकं. दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे). कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून पिळून घ्या. पीट मॉसच्या पोत्यावर चुना मिसळल्याचं लिहिलं असेल तर ते नको. शेणखत, राख, हाडांचा चुरा यातलं काहीच घालू नका.

रोप बिलॉक्सी जातीचं घ्या. थंड हवेच्या जातींना फुलण्यासाठी 7 अंशांखालचे शेकडो तास लागतात, ते सोलापुरात मिळत नाहीत. बिलॉक्सीचं थोड्या थंडीतही भागतं.

आता पाणी. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा सामू वर ढकलतात. काही महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह कुंडीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. अशा वेळी नुसतं लोह देऊन भागत नाही. सर्वांत चांगलं पावसाचं पाणी: 10 चौरस मीटर गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की जवळजवळ 100 लिटर जमतं. ते झाकून ठेवा. संपलं की 10 लिटर बोअरच्या पाण्यात 3 ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूसत्व) ढवळा, दहा मिनिटांनी सामूपट्टी बुडवा आणि 5.5 येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. प्रत्येक बोअरचं प्रमाण वेगळं, शेजाऱ्याचं उसनं घेऊ नका. सायट्रिक आम्ल जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे हा उपाय तात्पुरताच. पावसाचं पाणी मिळेल तेव्हा तेच द्या.

खत अमोनियम सल्फेट, वाढीच्या काळात महिन्याला एक सपाट चहाचा चमचा, ओल्या कुंडीतच. पोटॅश हवं तर सल्फेटचं. म्युरेट ऑफ पोटॅशमधलं (पोटॅशियम क्लोराइड) क्लोराइड या झाडाला बाधतं.

मार्च ते जून 50 टक्के शेडनेट लागेलच. मुळं वरच्या थरात, केसासारखी बारीक असतात. एप्रिलच्या उन्हात तापलेली काळी कुंडी त्यांना भाजते. कुंडीला बाहेरून पोतं गुंडाळा, वर दोन-तीन इंच नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरा. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाका. जीवावर येतं, पण रोपाला आधी मुळं धरू द्या.

फळ निळं दिसलं म्हणून लगेच तोडू नका. देठाजवळची लाली जाईपर्यंत, म्हणजे आणखी चार-पाच दिवस थांबा; तोडल्यावर ते गोड होत नाही. तेवढ्या दिवसांत बुलबुल येतात, म्हणून बारीक जाळी फळं रंगायच्या आधीच बांधून ठेवा.