हॉर्नली हटची वाट ‘सोपा वॉक’ नाही: झरमॅटला जाणाऱ्यांसाठी

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाच्या वर, मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी हॉर्नली हट नावाचा गिर्यारोहकांचा निवारा आहे. तिथे जायचं म्हणून निघण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी हेच सांगितलं: ‘श्वार्झझे तळ्यापर्यंत गोंडोला (रोपवे) आहे, तिथून हॉर्नली हट म्हणजे दोन तासांचा सोपा वॉक. मॅटरहॉर्नला हात लावून या!’ आमची तिकिटं काढून देणाऱ्या एजंटने तर वर ‘फॅमिली घेऊन जा’ असंही सुचवलं. असं कुणी तुम्हाला सांगितलं तर त्याला एकच विचारा, तो स्वतः वर गेला होता का.

आधी उंचीचा हिशोब करा. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे आणि झरमॅट गाव जवळपास 1,608 मीटरवर. म्हणजे महाराष्ट्राची उंची जिथे संपते, तिथे या गावातल्या गल्ल्या आहेत. श्वार्झझे 2,583 मीटर आणि हट 3,260 मीटर. गोंडोलातून उतरलं की काही मिनिटांत अडीच हजार मीटरवर चालायला सुरुवात होते आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आदल्या दिवशी गोर्नरग्राट या डोंगरमाथ्यावर (3,089 मीटर) जाऊन दोन-तीन तास काढा. 1898 पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी थेट वर नेते. तिकीट महाग आहे, पण दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग कळतो.

आता वाट. श्वार्झझेच्या तळ्याकाठी छोटं चॅपल आहे, तिथून पहिला चढ बरा आहे. मग कड्याला ठोकलेले लोखंडी जिने आणि जाळीचे पूल लागतात. पायाखालच्या जाळीतून खालची दरी सरळ दिसते. भक्कम काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्याला हरिहरच्या पायऱ्यांवर डोळे फिरतात त्याने इथूनच परतावं. पुढे हिर्लीचा सपाट खांदा येतो आणि बहुतेकांना वाटतं, झालं आता. नाही झालं. खरी वाट तिथून सुरू होते.

हिर्लीनंतरचा शेवटचा टप्पा म्हणजे नागमोडी, उघडा, घसाऱ्याचा चढ. मातीत सैल दगड, काही ठिकाणी आधाराला जाड दोर, बाजूला सरळ उतार. सावली नाही, पाणी नाही. वरून उतरणाऱ्यांच्या पायाखालून दगड सुटतात, त्यामुळे वळणावर उभं राहून फोटो काढत बसू नका. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघ्यांची जी हालत होते ती जास्त वाईट. वाटेवरच्या पिवळ्या दिशादर्शक पाट्यांवर लिहिलेल्या वेळेत थांबणं धरलेलं नसतं. जाऊन-येऊन, वर टेकायला अर्धा-पाऊण तास धरून, पाच-सहा तास हाताशी ठेवा. जुलैच्या सुरुवातीला इथे जुना बर्फ असू शकतो, अशा वेळी क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे) नसतील तर जाऊ नये. स्पोर्ट्स शूज घालून आलेल्या एका कुटुंबाला आम्ही हिर्लीलाच थांबलेलं पाहिलं. लहान मुलगी रडत होती. त्यांनाही ‘वॉक’च सांगितला असणार.

असं असूनही मी जा असंच म्हणेन. हटच्या पलीकडे काही पावलांवर कडा उभा राहतो आणि त्यावर लटकलेल्या दोरांपासून हॉर्नली धारेने मॅटरहॉर्नची (4,478 मीटर) चढाई सुरू होते. गिर्यारोहक पहाटे चारच्या आसपास इथून निघतात. हटच्या गच्चीवर एक गाइड आपल्या माणसाच्या कमरेचा दोर सोडत होता. त्या माणसाची बोटं सोलवटली होती आणि सूपचा चमचा हातात ठरत नव्हता, पण चेहरा असा काही उजळला होता की आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. त्या दोरांच्या पुढे मात्र गाइडशिवाय एक पाऊलही टाकू नका.

ही धार काय आहे ते समजायचं असेल तर हटला जाण्याआधी गावातलं मॅटरहॉर्न म्युझियम बघा. 14 जुलै 1865 ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर आणि सहा सोबती याच धारेने शिखरावर पहिल्यांदा पोचले. उतरताना त्यांच्यातला हॅडो घसरला, त्याच्याबरोबर गाइड मिशेल क्रो, हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस खेचले गेले. डग्लस आणि गाइड थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला, म्हणून व्हिंपर आणि टाउगवाल्डर बापलेक वाचले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. आपण विहिरीला बांधतो त्याहूनही बारीक. मी त्या काचेसमोरून लवकर हलू शकलो नाही. जवळच गिर्यारोहकांची दफनभूमी आहे. थडग्यांवरची वयं वाचा, पंचविशीच्या आतली कितीतरी आहेत.

हिंटरडॉर्फ या गावाच्या जुन्या भागातून मात्र नक्की फिरा. उन्हाने काळी पडलेली लार्च लाकडाची कोठारं, उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर बसवलेल्या गोल दगडी चकत्या, आणि उलरिष इंडरबिनेन या गाइडच्या नावाचं कारंजं. 1900 साली जन्मलेला हा माणूस 370हून अधिक वेळा मॅटरहॉर्न चढला आणि वयाच्या नव्वदीपर्यंत चढत राहिला. पाच तळ्यांची वाट छान आहे, कुणालाही जमेल, त्यावर अधिक काय लिहायचं.

पैशांचं बोलतो. गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे. गाडी अलीकडच्या टेश गावात लावून बारा मिनिटांच्या शटल ट्रेनने यावं लागतं. स्टेशनबाहेर बॅटरीवरच्या टॅक्सी उभ्या असतात. आमचं गेस्टहाऊस दहा मिनिटांवर होतं आणि त्यासाठी जे पैसे घेतले त्यात दोघांचं जेवण झालं असतं, सामानाचे वेगळे. आधी आकडा विचारल्याशिवाय बसू नका, सॅक असेल तर सरळ चाला. राहण्याच्या बिलात गावाचा माणशी कर वेगळा लागतो, बुकिंग करताना तो बघून घ्या. बाटलीचं पाणी विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याचंच असतं. बाटल्या तिथेच भरून घ्या, कारण हटच्या वाटेवर भरायला जागा नाही. हाफ फेअर कार्ड (स्विस प्रवासाचं सवलत कार्ड) असेल तर गोंडोलाचं तिकीट अर्ध्यावर येतं.

निघण्याआधी श्वार्झझेला खाली येणाऱ्या शेवटच्या गोंडोलाची वेळ फलकावर बघा आणि तिचा फोटो काढून ठेवा. ती चुकली तर दुखऱ्या गुडघ्यांनी जवळपास हजार मीटर उतरून गावात यावं लागतं. दरवाजा बंद झाल्यावर पोचलेल्यांना आम्ही पाहिलं, कुणीही त्यांच्यासाठी गोंडोला चालू केला नाही. आणि विम्यात डोंगरातली हेलिकॉप्टर सुटका धरलीय का ते घरूनच तपासा. इथे एअर झरमॅट या कंपनीची हेलिकॉप्टर येतात, मदतीचा नंबर 144, आणि बिल तुमच्या नावावर निघतं.