अळू नावाचा थोरला भाऊ

हवाईला जाऊन आले असे सांगितले की समोरचा माणूस पहिला प्रश्न ज्वालामुखीविषयी विचारतो, आणि तो मी पाहिलाच नाही हे ऐकून त्याचा चेहरा पडतो. होनोलुलूला राहणाऱ्या भाचीकडे मी तीन आठवडे होते. त्या काळात ओआहू आणि काउआई ही दोनच बेटे पाहिली, आणि त्यातलाही बराचसा वेळ अळूच्या शेतांकाठी आणि एका जुन्या मत्स्यतलावाच्या चिखलात गेला. त्याची मला मुळीच हळहळ वाटत नाही.

काउआईच्या उत्तर किनाऱ्याकडे जाताना हानालेइच्या खोऱ्यावर गाड्या थांबवण्याची एक जागा आहे. तिथून खाली पाहिले तेव्हा मला वाटले की सावंतवाडीकडचा एखादा मळाच कोणीतरी उचलून इथे आणून ठेवला आहे. चौकोनी कुणगे, त्यांच्यामधल्या हिरव्या मेरा, कुणग्यांत भरलेले पाणी, आणि मागे धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा असलेला डोंगर. भाताची खाचरे, असे मी म्हणाले. ‘मावशी, नीट बघ, अळू आहे ते,’ भाची म्हणाली. तिथे त्याला कालो म्हणतात, पण वनस्पती तीच, आपल्या परसात सांडपाण्याच्या कडेला वाढते ती. माझा डोळा अगदीच चुकला होता असेही नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शेतांत चिनी शेतकऱ्यांनी भात पिकवला होता. पुढे भात गेला आणि कालो परतला. आज खोऱ्याचा मोठा भाग 1972 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात येतो आणि तरीही तिथे शेती चालते. शेती चालते म्हणूनच अभयारण्य टिकून आहे, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण पाणी भरलेले हे कुणगे म्हणजे दुर्मीळ झालेल्या हवाईयन पाणकोंबडीचे आणि शेकाट्याचे घर आहे. माणसाने हात काढून घेतला की निसर्ग आपोआप सावरतो, ही माझी जुनी समजूत तिथेच डळमळू लागली.

काउआई हे मुख्य बेटांपैकी सर्वांत जुन्या बेटांपैकी एक असून त्याचे वय सुमारे पन्नास लाख वर्षे आहे. समुद्राच्या तळाशी जिथून लाव्हा वर येतो ती जागा साधारण एकाच ठिकाणी राहते आणि तिच्यावरून प्रशांत महासागराचे भूपट्ट वायव्येकडे सरकत जाते, त्यामुळे एकामागून एक बेटे तयार होतात आणि मग लाखो वर्षे पावसाने झिजत राहतात. काउआईच्या मध्यावरील वाइआलेआले हे शिखर पृथ्वीवरील सर्वांत ओल्या जागांपैकी एक आहे, आणि नापाली किनाऱ्याचे ते सुरकुतलेले हिरवे कडे ही त्याच पावसाची करणी आहे. तिथे दिशा सांगतानाही उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत. ‘माउका’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘माकाई’ म्हणजे समुद्राकडे. आमच्या गावात वरसून आणि खालसून म्हणतात, त्यामुळे मला हे दोन शब्द लगेच पाठ झाले. जुनी जमीनव्यवस्थाही याच दोन दिशांवर बेतलेली होती. डोंगरमाथ्यापासून प्रवाळाच्या खडकापर्यंतचा एक पट्टा म्हणजे एक आहुपुआआ. त्यात वरचे जंगल, मधली शेते, खालचा मत्स्यतलाव आणि उथळ समुद्र सर्व येई, आणि पाणी कोणी किती वेळ घ्यायचे हे कोनोहिकी नावाचा कारभारी ठरवत असे. पाण्याला ‘वाई’ म्हणतात आणि संपत्तीला ‘वाईवाई’. जमिनीचा शब्द ‘आइना’, आणि त्याच्या पोटात खाण्याचा धातू आहे, म्हणजे खायला घालते ती.

कालोची कथा मला एका शेताच्या बांधावर ऐकायला मिळाली. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. ते घराजवळ पुरले, आणि त्या जागी कालोचे पहिले रोप उगवले. त्याचे नाव हालोआनाकालाउकापालिली. त्या नावाच्या अर्थात लांब देठ आहे आणि थरथरणारे पान आहे. दुसरे मूल जगले, त्यालाही हालोआ हेच नाव ठेवले, आणि हवाईयन माणसे त्याचे वंशज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. धाकट्याने त्याची निगा राखायची आणि थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचे. आपल्या भाषेने मात्र याच पानावरून क्षणभंगुरतेचा दृष्टांत घेतला. अळवावरचे पाणी म्हणजे आता आहे, आता नाही. त्यांनी त्याच पानावरून वंश मोजला.

ही गोष्ट केवळ भावनेची नाही, हे लागवड पाहिल्यावर कळते. कालोचा गड्डा काढला की त्याचा वरचा पातळ काप देठासकट वेगळा करतात. त्याला हुली म्हणतात. हाच हुली पुन्हा चिखलात लावायचा. बी नाही, त्यामुळे आज शेतात उभे असलेले रोप हे पणजोबांनी लावलेल्या रोपाचाच तुकडा असते. मूळ गड्ड्याला बाजूने फुटणाऱ्या पिल्लांना ‘ओहा’ म्हणतात, आणि कुटुंबाला ‘ओहाना’. हवाई विद्यापीठाने कालोच्या तीन सुधारित वाणांचे पेटंट घेतले तेव्हा शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न असा होता की थोरल्या भावाची मालकी कोणाला कशी मिळेल? 2006 मध्ये विद्यापीठाने ती पेटंटे सोडून दिली. (चवीविषयी एवढेच सांगते: गड्डे शिजवून, दगडाने कुटून केलेले पोई हे आंबट, गुळगुळीत आणि माझ्यासारखीला तीन दिवसांनी आवडू लागणारे अन्न आहे. पानांत मांस गुंडाळून वाफवलेले लाउलाउ मात्र पहिल्या घासालाच आवडले, आणि चिंचेवाचून घसा कसा खवखवत नाही याचे उत्तर असे मिळाले की तासन्‌तास शिजवावे लागते.)

हानालेइच्या पुढे रस्ता हाएनापाशी संपतो. एप्रिल 2018 मध्ये वाटेवरच्या वाइपा येथे चोवीस तासांत 1,262 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईकरांना 26 जुलै 2005 चा 944 मिलिमीटरचा आकडा पाठ असतो, त्यावरून कल्पना यावी. दरडी कोसळल्या आणि हाएनाकडचा रस्ता वर्षाहून अधिक काळ बाहेरच्यांसाठी बंद राहिला. त्या शांततेत गावकऱ्यांना आपले गाव पुन्हा दिसले. जून 2019 मध्ये हाएनाचे सरकारी उद्यान उघडले तेव्हा दिवसाला 900 माणसांची मर्यादा घालण्यात आली, आणि राज्याबाहेरच्यांनी आधी नोंदणी केल्याशिवाय येऊ नये असा नियम झाला. नोंदणी मिळवताना मी मनात चरफडले होते, हे कबूल करते. पण त्याच वर्षी चौदा लाख वस्तीच्या या राज्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले होते, आणि त्या एक कोटीत कोणीही स्वतःला गर्दी समजत नसणार. उद्यानातील वाटेने जाताना कालोचे जुने कुणगे पुन्हा लागवडीखाली आलेले दिसतात. या जमिनीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या कुटुंबांच्या संस्थेने रान तोडून ते उघडे केले आहेत.

ही जमीन त्यांच्या हातून गेली कशी, हे समजून घेताना मला आमच्या सातबाऱ्याची आठवण येत होती. 1848 मध्ये तिसऱ्या कामेहामेहा राजाच्या काळात जमिनीची वाटणी झाली, आणि 1850 च्या कायद्याने कसणाऱ्या रयतेला आपापल्या तुकड्यावर हक्क सांगण्याची मुभा मिळाली. पण त्यासाठी अर्ज हवा, साक्षीदार हवेत, मोजणीचे पैसे हवेत. परिणामी रयतेच्या नावावर एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन लागली, आणि त्याच वर्षी परदेशीयांना जमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. त्या तुकड्यांना ‘कुलेआना’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ हक्क आणि जबाबदारी असा दुहेरी आहे. पुढे वारस वाढत गेले, पांगत गेले, आणि एका तुकड्याला शेकडो हिस्सेदार झाले. अशा वेळी एखादा हिस्सेदार किंवा खरेदीदार मालकी निश्चित करून घेण्यासाठी न्यायालयात दावा लावू शकतो. फेसबुकचे संस्थापक मार्क झकरबर्ग यांच्या बाजूने काउआईवर 2016 च्या अखेरीस असे दावे दाखल झाले आणि गदारोळानंतर जानेवारी 2017 मध्ये ते मागे घेण्याचे त्यांनी जाहीर केले. हाएनाच्या लोकांनी 1875 मध्ये मिळून अख्खा आहुपुआआ विकत घेतला होता आणि तो सामायिक ठेवला होता. 1967 मध्ये न्यायालयामार्फत त्याचीही वाटणी झाली.

ओआहूवर परतल्यावर एका शनिवारी भाची मला हेएइआच्या मत्स्यतलावावर श्रमदानाला घेऊन गेली. काही शतकांपूर्वी बांधलेला हा तलाव 88 एकरांचा आहे, आणि त्याला सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या भिंतीचे कडे आहे. बाहेरून काळ्या दगडाच्या दोन भिंती आणि मध्ये प्रवाळाची भर, अशी ती रचना आहे. भिंतीत जागोजागी ‘माकाहा’, म्हणजे फटी ठेवलेली दारे, असतात. त्यांच्या फटींतून लहान मासा आत येतो, आतले शेवाळ खाऊन वाढतो आणि मग त्याच फटींतून बाहेर पडू शकत नाही. गोव्याच्या खाजणांतील मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. मासाही बोयीच्याच जातीचा.

आत जाण्यापूर्वी आम्हांला वेशीवर थांबवले. आमच्या बाजूच्या एकाने प्रवेशाची परवानगी मागणारे स्तोत्र म्हटले, आतून उत्तराचे स्तोत्र आले, मगच पाऊल टाकायचे. आमच्याकडे मळ्यात पहिला नांगर घालण्यापूर्वी जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात, आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मी जवळजवळ म्हणालेच होते.

काम होते कांदळ तोडण्याचे. हे ऐकून मी दचकले. महाराष्ट्रात कांदळवन तोडणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा याच मताची मी आहे. पण हवाईत कांदळ मूळचे नाहीच. 1902 मध्ये मोलोकाई बेटावर एका साखर कंपनीने चिखल धरून ठेवण्यासाठी ते आणून लावले, आणि तिथून ते पसरले. 1965 च्या पुरात हेएइआच्या भिंतीला खिंडार पडले, देखभाल थांबली, आणि कांदळाच्या मुळांनी दगड फोडायला सुरुवात केली. 2001 मध्ये स्थापन झालेली पाएपाए ओ हेएइआ ही संस्था तेव्हापासून एकेक हात भिंत मोकळी करीत आहे. खिंडार बुजवून झाले ते 2015 मध्ये. आम्ही चाळीसएक माणसांनी चार तासांत जेवढे तोडले ते खोलीभर जागेचेही नव्हते. संपूर्ण तलाव कधी होईल, असे मी तिथल्या मुकादम मुलीला विचारले. ती हसली आणि म्हणाली की होणार नाही, भिंतीला दर वर्षी दगड लागतातच. मग तिने माझ्या हातात प्रवाळाची बादली दिली.

परत आल्यावर मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक प्रश्न टाकला. आमच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावे आहेत, आणि गेली चार वर्षे त्या गटावर मळा विकायचा की नाही आणि सही कोणाची राहिली आहे, एवढेच बोलणे होते. मी विचारले की वझऱ्यापासून मळ्यापर्यंतचा पाट कोणत्या महिन्यात उपसत असत. दिवसभर कोणीही उत्तर दिले नाही. दोघांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी पहाटे गावाहून काकीचा आवाजी निरोप आला. भात घरात आले की, वायंगण (उन्हाळी भात) घालण्याच्या आधी, असे तिने सांगितले. मग थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज, आणि शेवटी तिचा प्रश्न: येणार कोण कोण आहात, तेवढे तांदूळ काढून ठेवायला हवेत.