गोरा म्हणजे नक्की कोण?

"मॅडम, वंश शरीरात नसतोच, तर तो शब्दच टाकून का देत नाही आपण?" परवा तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारलं. उत्तर राहून गेलं. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

वंश समाज घडवतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यासाठी दर वर्षी दोन खटले सांगते. अमेरिकेत १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्यां'ना नागरिकत्व मिळे. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना तो हक्क मिळाला, आशियाई बाहेरच राहिले. नोव्हेंबर १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नाकारलं. कातडी उजळ असेल, पण तो कॉकेशियन नाही, म्हणजे त्या काळच्या शास्त्राने युरोपीय लोकांना ज्या वंशगटात घातलं होतं त्यातला नाही, म्हणून. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद यांचा निकाल लागला. पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. त्या काळच्या वर्गीकरणात ते कॉकेशियन ठरत होते. मग त्याच न्यायालयाने शास्त्रच बाजूला सारलं आणि सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असं ठरवून थिंद यांनाही नाकारलं. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, सदरलँड. बारा वर्षं शिकवतेय, तरी या जागी आवाज चढतोच.

पुढे १९३० च्या जनगणनेत भारतीयांचा वंश 'हिंदू' लिहिला गेला, मग तो माणूस शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये ते गोऱ्यांत मोजले गेले, १९८० मध्ये आशियाई झाले. वंशाच्या व्याख्या समाज आणि सरकार अशा घडवतात, बदलतात; ओमी आणि विनंट हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९८६ मध्ये 'वंशघडण' म्हणाले ते हेच.

पण घडवलेली गोष्ट खोटी नसते, हे मी त्या दिवशी पुरेसं सांगितलं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी शहरांचे सरकारी नकाशे निघाले. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, आणि तशा वस्त्यांतल्या घरकर्जांना सरकारी हमी मिळेना. आजोबांचं घर झालं नाही, म्हणून वडिलांकडे गहाण टाकायला काही नव्हतं, म्हणून नातवाचं शिक्षण कर्जावर. १९६८ मध्ये हा भेदभाव बेकायदा ठरला, पण तोवर गेलेली वर्षं कोण भरून देणार? समाजशास्त्रज्ञ बोनिला-सिल्वा सांगतात की मनात द्वेष नसलेली माणसंही 'मला रंग दिसतच नाही' म्हणत ही विषमता चालू ठेवतात. त्या मुलीच्या प्रश्नात द्वेष नव्हता, माया होती. म्हणून तर उत्तर नीट द्यायला हवं.

पुढच्या तासाला तो नकाशा नेणार आहे. तिलाच पुढे बोलावून विचारीन, शब्द पुसल्यावर या लाल वस्तीतल्या नातवाचं नुकसान कुठल्या रकान्यात मोजायचं?